लिंगभाव अभ्यास विभागात विद्यार्थ्यांचा वाचनगट कसा चालवावा

लिंगभाव (जेंडर) अभ्यासाचा विभाग बहुतेक विद्यापीठांत लहानच असतो. दोन-तीन खोल्या, मोजके शिक्षक, एका वर्षाला पंधरा-वीस विद्यार्थी. हे विद्यार्थी इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, कायदा, समाजकार्य अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. कुणी काही वर्षं नोकरी करून येतं, कुणी पदवी संपवून थेट. पहिल्या महिनाभरात सगळ्यांपुढे सारखीच अडचण उभी राहते: वाचायला दिलेलं खूप असतं, तासाला त्यावर बोलायला वेळ पुरत नाही, आणि वाचताना मनात उठलेले खरे प्रश्न वर्गात निघतच नाहीत. वाचनगट लागतो तो इथे. विभागातल्या विद्यार्थ्यांचं एकमेकांशी नातंही बहुधा याच गटात जुळतं, कारण इथे कुणी हजेरीसाठी किंवा गुणांसाठी बसलेलं नसतं.

असे गट सुरू होतात खूप आणि बंदही पडतात पटकन. वैचारिक मतभेदांमुळे मोडलेले गट थोडे. खोलीची किल्ली कोण आणणार, पानं किती वाचायची, कुणी किती वेळ बोलायचं, हे आधी न ठरवल्यामुळे मोडलेले कितीतरी जास्त. म्हणून इथे विचारांपेक्षा व्यवस्थेबद्दल अधिक लिहिलं आहे.

"आपल्यात कुणी पुढारी नको"

पहिल्या बैठकीत हे वाक्य कुणीतरी हमखास म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. भावना चांगली आहे, पण गटाचा पहिला तडा इथेच जातो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्त्रियांचे छोटे गट घरोघरी भरत. आपापले अनुभव मांडायचे आणि त्यांतून सामाईक सूत्र शोधायचं, अशी त्यांची पद्धत होती. विद्यापीठात हा विषय शिरला तो या वातावरणातून. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो स्टेट या शिक्षणसंस्थेत स्त्री-अभ्यासाचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी, स्त्रीमुक्ती चळवळीतल्याच कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी या गटांतली एक दुखरी गोष्ट मांडली. रचनाच नाही असा गट कुठेच नसतो, असं त्यांचं म्हणणं. रचना उघडपणे ठरवली नाही तर ती मैत्रीच्या जाळ्यातून आपोआप उभी राहते. मग निर्णय आधीपासून ओळख असलेले चारजण घेतात, आणि ते कुठे, कधी घेतले हे बाकीच्यांना कळत नाही. पुढारी नेमलेलाच नसल्यामुळे जाब तरी कुणाला विचारणार? फ्रीमन यांनी सुचवलेले उपाय आजही जसेच्या तसे वापरता येतात: काम नाव घेऊन सोपवा, ज्याने घेतलं त्याने गटाला उत्तर द्यावं, अधिकार एकाच्या हाती साचू देऊ नका, कामं फिरती ठेवा, माहिती सगळ्यांपर्यंत पोचवा, साधनं सगळ्यांच्या हाताशी ठेवा.

वाचनगटापुरतं याचं रूप असं. दोन समन्वयक एका सत्रासाठी नेमा. शक्य असेल तर एक वरच्या वर्षाचा आणि एक नवा. एकच समन्वयक ठेवला तर तो आजारी पडला की गटही आजारी पडतो. याशिवाय प्रत्येक बैठकीला तीन कामं बदलत्या माणसांकडे द्या: मजकुराची मांडणी करणं, चर्चा चालवणं आणि टिपण घेणं. मांडणी करणाऱ्यालाच चर्चा चालवायला लावू नका. ज्याने आठवडाभर मजकुरावर मेहनत घेतली आहे त्याला स्वतःच्या अर्थाची बाजू घ्यावीशी वाटणारच, आणि चर्चा चालवणाऱ्याने तर कुणाचीच बाजू घ्यायची नसते.

आता ज्या कामांना नाव नसतं त्यांकडे वळू. खोलीचं बुकिंग, किल्ली, खुर्च्या लावणं आणि परत जागेवर ठेवणं, झेरॉक्स, आदल्या दिवशीची आठवण, नव्या माणसाला वाट सांगणं, बैठकीनंतर नाराज झालेल्या कुणाशी बोलणं. लिंगभावाचा अभ्यास करणाऱ्यांच्या गटातही ही कामं त्याच त्या दोन-तीन जणींच्या अंगावर पडतात, आणि तिकडे इतर लोक घरकामाच्या असमान वाटणीवर सुरेख बोलत असतात. उपाय साधा आहे. एका कागदावर आडवी कामं लिहा, उभ्या तारखा लिहा, आणि प्रत्येक चौकटीत त्या दिवशी ज्याने काम केलं त्याचं नाव टाका. दर चार बैठकींनी हा कागद सगळ्यांपुढे ठेवा. आरोप करायची वेळ येत नाही, कागद सगळं सांगतो. ज्यांची नावं कमी दिसतात त्यांना पुढच्या चार बैठकींची कामं तिथल्या तिथे द्या. "पुढच्या वेळी बघू" म्हणून सोडलं तर पुढच्या वेळी पुन्हा तीच नावं दिसतील.

किती जण, किती वेळ, किती पानं

आठ ते बारा जणांचा गट उत्तम चालतो. पाचांच्या खाली गेला की दोघं गैरहजर असताना चर्चाच होत नाही. पंधराच्या वर गेला की तो वर्ग होतो: पाचजण बोलतात, दहाजण ऐकतात. जास्त लोक आले तर दोन गट करा, पण मजकूर दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे बाहेर भेटल्यावर बोलायला विषय राहतो.

दीड तास पुरे. दोन तासांच्या बैठकीत शेवटच्या अर्ध्या तासात ज्यांना लांब जायचं आहे ते उठतात, आणि महत्त्वाचे निर्णय नेमके त्यानंतर होतात. दर पंधरा दिवसांनी भेटणं आठवड्यापेक्षा जास्त टिकतं. वार आणि वेळ एकदा ठरली की सत्रभर बदलू नका. "सगळ्यांच्या सोयीची वेळ" दर वेळी नव्याने शोधणाऱ्या गटाचा निम्मा जीव त्या शोधातच जातो. वेळ ठरवताना मतांची बेरीज करू नका, अडचणी विचारा: कुणाला शेवटची बस गाठायची आहे, कुणाच्या वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं, कुणाला मुलाला आणायला जायचं आहे, कुणाची संध्याकाळची नोकरी आहे. दहांपैकी सात जणांना सोयीची वेळ निवडली तर उरलेले तीन कायमचे गळतात, आणि हे तीन बहुधा तेच असतात ज्यांच्याबद्दल आपण वाचत असतो.

पानांचा हिशेब बैठक ठरवण्याआधी करा. सैद्धांतिक इंग्रजी मजकूर, तो शिक्षणाची पहिली भाषा नसलेल्या वाचकाने वाचायचा, तर तासाला दहा-बारा पानं धरा. पंचवीस पानं म्हणजे दोन तासांहून जास्त, तेही टिपणं न काढता. पंधरवड्याला वीस ते तीस पानं ही मर्यादा पाळा. "सगळा ग्रंथ वाचून या" असं ठरवणारे गट तिसऱ्या बैठकीपर्यंत पोचत नाहीत. न वाचलेला माणूस लाजेने यायचंच थांबतो. म्हणून पहिल्या दिवशीच मोठ्याने सांगा: वाचून झालं नसलं तरी या, फक्त मजकुराची प्रत समोर ठेवा.

जागा निवडताना एकदा स्वतः जाऊन बघा. चाकाची खुर्ची दारातून जाते का? जिना टाळून पोचता येतं का? स्वच्छतागृह जवळ आहे का, आणि ते कोणत्याही लिंगओळखीच्या माणसाला वापरता येईल असं आहे का? खुर्च्या गोलात मांडता येतात का, की बाक जमिनीला ठोकलेले आहेत? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा लागतो, म्हणून खिडकीकडे पाठ करून कुणी बसू नये. मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. मजकूर फोटो काढून पाठवू नका. स्क्रीन-रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. अक्षरं ओळखता येतील अशी पीडीएफ किंवा वर्डची फाइल किमान दहा दिवस आधी द्या. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी दोन-तीन छापील प्रती विभागाच्या कपाटात ठेवा आणि त्या कुणी नेल्या हे विचारू नका.

पहिल्या दिवशी नावं घेताना

ओळख थोडक्यात ठेवा, एकेकाला एक मिनिट: नाव, कोणत्या विषयातून आलो, सध्या काय वाचायची ओढ आहे. सर्वनाम (आपल्याला "तो" म्हणावं, "ती" म्हणावं की आणखी काही) किंवा लिंगओळख सांगण्याची फेरी सक्तीची करू नका. ज्यांनी अजून कुणालाच सांगितलेलं नाही त्यांना अशा फेरीत एकतर खोटं बोलावं लागतं किंवा तयारी नसताना उघड व्हावं लागतं. ज्याला सांगायचं आहे त्याने सांगावं, एवढं म्हणणं पुरे. मराठीत तर माणूस "मी आले" म्हणतो की "मी आलो" यातूनच बरंच कळतं; तो स्वतःसाठी जे रूप वापरतो तेच आपण त्याच्यासाठी वापरायचं. कळलं नाही तर "तुम्ही" आणि अनेकवचनी क्रियापदाने काम भागतं. चुकलं तर लगेच दुरुस्त करा आणि पुढे जा. लांबलचक माफीमुळे सगळ्या खोलीचं लक्ष त्या माणसावर खिळतं.

मजकूर उघडायचा कसा

नव्या गटासाठी सुरुवातीचा मजकूर असा निवडा की ज्यात ठोस प्रसंग आहे. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ले क्रेनशॉ यांचा १९८९ चा निबंध, ज्यातून इंटरसेक्शनॅलिटी (वर्ण, लिंग असे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येतात, ते सुटे करून पाहता येत नाहीत) ही संकल्पना अभ्यासात आली, या कामासाठी फार चांगला आहे. २९ पानांचा आहे, पृष्ठ १३९ ते १६७. एका बैठकीत उरकू नका. पहिल्या बैठकीला फक्त न्यायालयीन खटल्यांचा भाग घ्या, कारण तिथे धरायला काहीतरी हाताला लागतं.

त्यातला एक खटला असा. जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णी स्त्रियांनी दावा केला. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णी स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, सेवाज्येष्ठता पाहून, म्हणजे शेवटी लागलेल्यांना आधी काढून, कपात झाली, आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णी स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने काय म्हटलं? कंपनीने त्या काळात स्त्रियांना घेतलं होतं, म्हणजे लिंगावरून भेदभाव नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, ही गोष्ट हिशेबात आली नाही. वर्णभेदाचा दावा त्याच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या खटल्यात जोडा, असं सुचवलं गेलं. दोन्ही मिळून एक दावा मांडायला नकार मिळाला.

यावर चर्चा सुरू करताना "इंटरसेक्शनॅलिटीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं तर काय होतं ते ठरलेलं आहे. पीएचडीचे दोन विद्यार्थी पंधरा मिनिटं बोलतात, आणखी चार नावं घेतात, आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी वहीत मान घालतात. त्याऐवजी बोट मजकुरावर ठेवायला लावणारा प्रश्न विचारा: न्यायालयाने कंपनीतल्या कोणत्या स्त्रिया मोजल्या? ते ज्या ओळीत दिसतं ती ओळ शोधा. सगळे पानं चाळतात, कुणीतरी ओळ वाचून दाखवतं, आणि ज्याला अजून सिद्धांताची भाषा येत नाही तोही बोलू शकतो. दुसरा प्रश्न: दोन वेगळे दावे करा असं म्हटल्यावर नेमकं कुणाचं नुकसान दिसेनासं होतं? तिसरा प्रश्न आपल्या अंगणातला असावा. विद्यापीठातला एखादा तक्ता घ्या, शिष्यवृत्त्यांचा किंवा वसतिगृहातल्या जागांचा. तो "स्त्रिया" आणि "वंचित समूह" अशा दोन वेगळ्या रकान्यांत मांडला असेल तर त्यात कोण दिसत नाही? या क्रमाने गेलात तर तासाभरात गटाला संकल्पना समजते आणि ती वापरताही येते.

मांडणी दहा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. मांडणीत तीन गोष्टी हव्यात: लेखक कोणाशी वाद घालतोय, त्याचा मुख्य दावा कुठल्या पानावर आहे, आणि मांडणी करणाऱ्याला न कळलेला एक परिच्छेद. हा तिसरा भाग वगळू नका. वरच्या वर्षाचा माणूस "हे मला कळलं नाही" म्हणतो तेव्हा बाकीच्यांना विचारायचं धाडस होतं.

भाषेचं काय? मजकूर इंग्रजीत, बोलणं मराठीत, आणि मधल्या संज्ञा हवेत लटकलेल्या, अशी स्थिती असते. प्रत्येक बैठकीसाठी सहा ते आठ संज्ञांचा एक कागद करा. प्रत्येक संज्ञेपुढे दोन ओळींत अर्थ आणि एक उदाहरण. व्याख्या कोशातून उतरवू नका, त्या मजकुरात ती संज्ञा जशी आली आहे तशी लिहा. सत्र संपेपर्यंत पन्नासेक संज्ञांचा संग्रह जमतो, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी याहून उपयोगी भेट नाही. शिवाय एक नियम ठेवा: कुणीही हात वर करून "उदाहरण" एवढा एकच शब्द म्हणू शकतं, आणि बोलणाऱ्याने मिनिटभरात उदाहरण द्यायचं. उदाहरण सुचलं नाही तर मुद्दा तिथेच थांबवायचा.

बोलण्याची पाळी

बैठकीच्या सुरुवातीला दोन मिनिटं शांतपणे लिहायला द्या: मजकुरातली एक ओळ आणि ती का थांबवते. नंतर पाच मिनिटं दोघा-दोघांत बोलणं. मगच सगळ्यांची चर्चा. ही सात मिनिटं वाया जातात असं वाटतं, पण ज्यांना भरल्या खोलीत पहिलं वाक्य बोलणं जड जातं त्यांचं पहिलं वाक्य तोवर शेजाऱ्यापाशी बोलून झालेलं असतं.

हात वर करणाऱ्यांची यादी चर्चा चालवणाऱ्याने कागदावर ठेवावी. अजून न बोललेल्याचा हात वर झाला की त्याचं नाव वर सरकवायचं. आर्थिक विषमतेविरुद्धच्या २०११ च्या ऑक्युपाय आंदोलनातल्या सभांमध्ये वंचित समूहातल्या माणसाला आधी बोलू देण्याची रीत गाजली होती. लहान गटात ती जशीच्या तशी आणू नये. कोण वंचित हे चेहऱ्यावरून ठरवायची वेळ चर्चा चालवणाऱ्यावर येते, आणि ते चुकीचं ठरतं किंवा कुणाला तरी उघडं पाडतं. "जो अजून बोलला नाही तो आधी" या नियमात कुणाची ओळख तपासावी लागत नाही, आणि परिणाम बराचसा तोच मिळतो.

टिपणकाराने दर दोन-तीन बैठकींनी एकदा कोण किती वेळा बोललं याच्या रेघा मारून ठेवाव्यात. शेवटी नावं न घेता एवढंच सांगायचं: आज बारा जणांपैकी तिघांनी निम्म्याहून जास्त वेळ घेतला. ते तिघं कोण हे त्या तिघांना बरोबर कळतं.

शिक्षकांना बोलवावं का? सत्रातून एखाद्या वेळी, पाहुणे म्हणून, जरूर. रोज नको. जे तुमच्या उत्तरपत्रिका तपासतात त्यांच्यासमोर "हे मला पटत नाही" म्हणायला किंमत मोजावी लागते, आणि शिक्षक कितीही मोकळे असले तरी ती किंमत शून्य होत नाही.

अनुभव मांडताना

या विषयात अनुभव हा ज्ञानाचा मार्ग मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळेच गटात दोन चुका वारंवार होतात. पहिली: एखाद्याला त्याच्या समूहाचा प्रवक्ता करणं. गटात एकच ट्रान्स विद्यार्थी आहे, एकच दलित विद्यार्थिनी आहे, एकच अपंग विद्यार्थी आहे, आणि तो विषय निघाला की सगळ्या नजरा तिकडे वळतात. "तुला काय वाटतं?" हा प्रश्न प्रेमळ वाटतो, पण समोरच्यासाठी ती परीक्षा असते. कुणालाही त्याच्या ओळखीमुळे बोलायला सांगायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. दुसरी चूक: अनुभव सांगितला की वाद थांबतो, कारण अनुभवाशी वाद कसा घालणार? इथे फरक करायला शिका. "माझ्यासोबत असं झालं" याची उलटतपासणी करायची नाही. "म्हणून सगळीकडे असंच असतं" या निष्कर्षावर मात्र बोलायचं, आणि तेही मजकूर समोर धरून.

गोपनीयतेसाठी लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत १९२७ मध्ये ठरलेला नियम पायाला घ्या: ऐकलेला मुद्दा बाहेर वापरता येतो, पण तो कुणी मांडला किंवा बैठकीला कोण होतं हे सांगायचं नाही. लहान विभागात एवढं पुरत नाही. पंधरा जणांत नाव न घेताही माणूस ओळखू येतो. म्हणून एक ओळ वाढवा: मुद्दे बाहेर जातील, अनुभव खोलीतच राहतील. टिपणात मुद्दे लिहा, नावं नकोत. ध्वनिमुद्रण नको. शोधनिबंधात कुणाचा अनुभव वापरावासा वाटला तर त्या व्यक्तीला एकटीला भेटून विचारा, मजकूर दाखवा आणि नकार आला तर कारण न विचारता मान्य करा.

हिंसेचं वर्णन असलेला मजकूर असेल तर दहा दिवस आधीच, मजकूर पाठवतानाच, पानांच्या क्रमांकांसह कळवा. "यात त्रासदायक भाग आहे" एवढ्याने कुणालाच काही करता येत नाही. "पान १४ ते १७ वर कौटुंबिक हिंसेचं तपशीलवार वर्णन आहे, ती सोडूनही मुख्य युक्तिवाद कळतो" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला निवड करता येते.

आणि कधीतरी बैठकीत कुणीतरी स्वतःवर झालेल्या किंवा होत असलेल्या अत्याचाराबद्दल बोलेल. तयारी ठेवा. चर्चा चालवणाऱ्याने मजकूर बाजूला ठेवावा, बोलणं पूर्ण होऊ द्यावं, तपशील विचारू नयेत. "सांगितलंस, बरं केलंस. आत्ता तुला काय हवं आहे: थांबायचं, बाहेर जायचं, की बैठक पुढे चालू ठेवायची?" असं विचारावं आणि उत्तराप्रमाणे वागावं. बाहेर जायचं असेल तर तिच्या पसंतीची एकच व्यक्ती सोबत जावी, चौघांचा घोळका नको. "कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. जिवाला धोका असेल तर ते पाळता येत नाही, आणि मोडलं की विश्वास जातो. तिच्या वतीने तक्रार करायची घाई नको, अत्याचार करणाऱ्याला जाब विचारायला जाणं तर अजिबात नको, त्याने तिचीच सुरक्षितता धोक्यात येते. विद्यापीठाची समुपदेशन सेवा, तक्रार समिती आणि रात्री उचलला जाणारा मदत क्रमांक एका कागदावर आधीच लिहून ठेवलेला असावा, आणि सत्राच्या सुरुवातीला त्या क्रमांकांवर एकदा फोन करून ते चालू आहेत याची खात्री केलेली असावी. दुसऱ्या दिवशी एक छोटा निरोप पाठवा. ज्याने हे ऐकलं त्यालाही बोलायला कुणीतरी लागतं, त्याची विचारपूस समन्वयकांनी करावी.

वाद, दुखावणं आणि तक्रार

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगळी वागणूक लागते. मतभेद म्हणजे चर्चेचं अन्न. तो मिटवायची घाई करू नका. कुणी दुखावलं गेलं तर चर्चा चालवणाऱ्याने तिथेच थांबवून माणसाबद्दल न बोलता वाक्याबद्दल बोलावं: "तू आत्ता जे म्हणालास त्यातला हा शब्द अडतोय, दुसऱ्या शब्दांत मांडशील?" बहुतेक वेळा माणूस सुधारून मांडतो आणि चर्चा पुढे जाते. घाव खोल असेल तर दोन दिवसांच्या आत, दोघांच्याही जवळच्या नसलेल्या एका व्यक्तीसोबत, समोरासमोर बसून बोला. छळाची तक्रार असेल तर ती गटाने सोडवायची नाहीच. ती संबंधित समितीकडे जाते, आणि गटाने तोवर दोघांना एकाच खोलीत बसावं लागणार नाही एवढी सोय करायची.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त तारीख, जागा, मजकूर आणि बदल. रात्री अकरा वाजता तिथे सुरू झालेला वैचारिक वाद सकाळपर्यंत स्क्रीनशॉट होऊन दुसऱ्या विभागात पोचलेला असतो. वाद सुरू झालाच तर समन्वयकाने एकच वाक्य टाकावं, "हे पुढच्या बैठकीत पहिलं घेऊ", आणि खरोखर पहिलं घ्यावं.

फूट पडली म्हणजे गट संपला असं नाही. बॉस्टनमधल्या कृष्णवर्णी स्त्रीवाद्यांच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हमध्ये मतभेद झाले, काहीजणी यायच्या थांबल्या, आणि १९७६ च्या सुरुवातीला उरलेल्यांनी नव्या सदस्यांसह अभ्यासगट व्हायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यांचं निवेदन लिहून झालं, जे आज जगभरच्या विभागांत वाचलं जातं.

गळती

चौथ्या-पाचव्या बैठकीला संख्या निम्म्यावर येते. सबमिशन आणि परीक्षा जवळ आलेल्या असतात. सत्राचं वेळापत्रक आखतानाच सहा बैठकी मजकुराच्या आणि दोन राखीव ठेवा. कुणीच वाचलं नसेल तर बैठक रद्द करू नका. दोन पानं निवडा आणि आळीपाळीने मोठ्याने वाचा, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबा. रद्द झालेल्या बैठकीनंतर परत येणं अवघड जातं. संथ वाचनाची बैठक मात्र पुष्कळदा सगळ्यांत चांगली ठरते.

जे यायचे थांबले त्यांना समन्वयकाने एकेकट्याने विचारावं, आणि "का आला नाहीस?" असं न विचारता "काय बदललं तर येता येईल?" असं विचारावं. उत्तरं साधी निघतात: वेळ जमत नाही, पानं जास्त होतात, किंवा बैठकीनंतर काहीजण एकत्र निघून जातात आणि बाकीचे एकटे उरतात. शेवटचं कारण लोक सहजी बोलून दाखवत नाहीत, म्हणून तिथे आपणहून लक्ष द्या. बैठकीनंतर कुठे जाणार असाल तर ते सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा, नाहीतर त्या दिवशी जाऊ नका.

पुढच्यांच्या हाती देताना

एमएच्या गटात दर वर्षी निम्मे लोक जातात, तेव्हा सोपवणूक हे शेवटच्या आठवड्याचं काम ठेवू नका. सत्र संपण्याआधीच्या दोन बैठकी नव्या समन्वयकांनी चालवाव्यात आणि जुन्यांनी फक्त बसावं. गटाचा ईमेल आणि फाइलींची जागा कुणाच्या खासगी खात्यावर नसावी. तसं असेल तर पदवी मिळताच पाच वर्षांचा संग्रह त्या माणसाबरोबर जातो. सोपवायच्या फोल्डरमध्ये असावं ते हे: वाचलेल्या मजकुरांची यादी आणि प्रत्येकापुढे एक ओळ की तो गटात चालला की नाही, संज्ञांचे कागद, कामांचा तक्ता, ठरलेले नियम तारखेसह, खोली कुणाकडून मिळते आणि किती दिवस आधी अर्ज लागतो, मदतीच्या क्रमांकांचा कागद. तक्रारी, कुणाचे अनुभव, कुणाबद्दलच्या नोंदी यातलं काहीही त्यात जाऊ नये. असं काही कुठे लिहिलं गेलं असेल तर सोपवण्याआधी पुसून टाका. खात्याचा पासवर्ड नव्या समन्वयकांनी स्वतः बदलावा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन त्याच दिवशी बदलावेत. नियमांची यादी नव्या गटाने पहिल्या बैठकीत वाचून, हवी तशी खोडून, पुन्हा लिहावी. जुन्यांपैकी कुणी त्या बैठकीला आलं तर त्याने विचारल्याशिवाय "आमच्या वेळी असं करायचो" हे सांगू नये.